काळ्या गोट्यांवरून

तुलांबेन, बाली. सकाळ.

वाळू औषधालाही नाही. सगळे अगुंग ज्वालामुखीचे काळे गोटे. एक बाई डोक्यावर स्कूबाची हवेची टाकी घेऊन त्यावरून तुरुतुरु गेली. आमच्या मूल गावाकडची मोहफुलांची टोपलीवालीच जणू! मी मात्र रिकाम्या हाताने दोनदा धडपडलो.

होडी नाहीच, चालतच पाण्यात शिरायचं. जवळच ‘लिबर्टी’ जहाज: १९४२ मध्ये टॉर्पेडो लागल्यावर किनाऱ्याला लावलेलं, १९६३ च्या उद्रेकात पुन्हा समुद्रात घसरलेलं. आता प्रवाळांनी मढलंय.

खाली जाताना कान ठणकले. नाक दाबून फुंकलं, टक्! इरई नदीत बुड्या मारताना श्वास कोंडायचो. इथे तोच कोंडायचा नाही, वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. पोपटमासा प्रवाळ खात होता. कडकड चक्क ऐकू आली, फुटाणे चावल्यासारखी.