व्याख्येचे प्रयोजन

पदव्युत्तर वर्गातील मराठीच्या विद्यार्थ्याला सर्वांत सुरक्षित काय वाटते, असे कोणी विचारले तर 'व्याख्या' हेच उत्तर मी देईन. कादंबरीविषयीचे मत चुकू शकते, कवितेचा अन्वयार्थ परीक्षकाला न पटण्याची भीती असते. व्याख्या मात्र पाठ करता येते, अवतरणचिन्हांत ठेवता येते आणि तिच्यापुढे एखाद्या समीक्षकाचे नाव लिहिले की तिची जबाबदारीही आपल्यावर उरत नाही. गेली वीसएक वर्षे साहित्यशास्त्र शिकवताना या सुरक्षिततेविषयीची माझी अस्वस्थता वाढतच गेली आहे. व्याख्या हे विचाराचे साधन असते. आपल्याकडे ते विचार थांबवण्याचे साधन का व्हावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

वास्तविक व्याख्येविषयीची जागरूकता आपल्या परंपरेला नवी नाही. 'तर्कसंग्रह' आणि त्यावरील स्वतःचीच 'दीपिका' ही टीका लिहिणाऱ्या अन्नंभट्टाने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाय म्हणजे तांबूस-पिंगट रंगाचा प्राणी, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एकसंध खुराचा प्राणी म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही; हा असंभव. हे तीन दोष आम्ही शिकवतो. परंतु त्याच परंपरेने लक्षणाची दोन प्रयोजनेही सांगितली आहेत : एक व्यावृत्ती, म्हणजे इतरांपासून वेगळे काढणे, आणि दुसरे व्यवहार, म्हणजे त्या शब्दाचा वापर शक्य करणे. यांतील दुसऱ्या प्रयोजनाकडे समीक्षेच्या अध्यापनात जवळजवळ पूर्ण दुर्लक्ष झाले आहे, असे माझे निरीक्षण आहे.

व्यवहार वेगळा झाला की एकाच शब्दाची व्याख्या कशी पालटते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. 'धातू' म्हटल्यावर वैयाकरणाला क्रियावाचक मूळ शब्द आठवतो, वैद्याला रसरक्तादी सात धातू आठवतात, तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लोखंड आणि तांबे. या तिघांत भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचे काम निराळे आहे. 'ग्रह' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. नवग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतूही आहेत. खगोलशास्त्राच्या व्याख्येत यांपैकी एकालाही जागा नाही. २००६ साली प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने सूर्यमालेतील ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या : त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला गोलप्राय आकार आलेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसऱ्या अटीपाशी प्लूटो अडला. प्लूटोत काहीच बदल झालेला नव्हता. त्याच्यासारखे इतर खगोल सापडत गेल्याने अभ्यासकांची गरज बदलली होती. कायद्याला तर ही सापेक्षता पूर्णपणे ठाऊक असते. अधिनियमांच्या प्रारंभीच्या व्याख्यांच्या कलमात, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तरच या व्याख्या लागू, अशी पुस्ती सामान्यतः असते. ही सावधगिरी समीक्षेच्या पाठ्यपुस्तकांत मात्र मला क्वचितच आढळली आहे.

याचे एक कारण आपल्या कोशपरंपरेत शोधता येईल. शिवकाळात सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाचा पदनामकोश आला, १९७३ मध्ये मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह आला. ही कामे आवश्यक होती आणि त्यांतील परिश्रमांविषयी आदरच वाटतो. पण पर्याय म्हणजे व्याख्या नव्हे. मूळ शब्द ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पर्याय उपयोगी पडतो. ज्या विद्यार्थ्याने मूळ इंग्रजी संज्ञा कधी ऐकलेलीच नाही, त्याच्यापुढे तिचा घडीव मराठी पर्याय ठेवणे म्हणजे एका कुलपाऐवजी दुसरे कुलूप देणे होय. याउलट मोल्सवर्थचा १८३१ आणि १८५७ सालचा कोश इंग्रजीतून अर्थ सांगतो, तरी शेत, घर, बाजार यांतल्या शब्दांचे उपयोग तो वर्णन करून सांगतो. परक्या भाषेतले ते वर्णन कित्येकदा आपल्या पर्यायांपेक्षा वस्तूच्या अधिक जवळ जाते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा घ्या. दोन प्रतिमांचे नाते बाह्य साम्यावर उभे नसून भावनेच्या पातळीवरील तुल्यतेवर उभे असते, हे सांगण्यासाठी त्यांना एक शब्द हवा होता; उपमा-रूपकांच्या रूढ लक्षणांनी ते काम होत नव्हते. म्हणजे संज्ञेच्या मुळाशी एक अडचण होती. मार्गदर्शकांत उतरताना संज्ञा राहिली, व्याख्या राहिली आणि अडचण तेवढी गळाली. ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते तो प्रश्नच न भेटलेला विद्यार्थी उत्तर पाठ करतो. मग त्याला कवितेत ती समतानता दाखवता आली नाही, तर दोष एकट्या त्याचा नव्हे.

काही वर्षांपूर्वी मी एक उपक्रम सुरू केला. सत्राच्या आरंभी प्रत्येकाने आपल्या घरच्या व्यवसायातील एका शब्दाची व्याख्या करून आणायची. एकाने 'वापसा' हा शब्द आणला. त्याने लिहिले होते : पावसानंतर जमीन ओली असते, पण पाय रुतत नाही, मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो, पाभरीला माती चिकटत नाही, अशा वेळी जमिनीला वापसा आला असे म्हणतात. वर्गाने हरकती घेतल्या. नुसती ओल म्हणजे वापसा का? नाही, चिखलातही ओल असतेच. सगळ्या रानाला तो एकाच वेळी येतो का? नाही, मुरमाड जमिनीला लवकर येतो, काळीला उशिरा. अव्याप्ती-अतिव्याप्तीची चर्चा त्या दिवशी कोणालाही न शिकवता झाली. या व्याख्येवर पेरणी अवलंबून होती. ती चुकली तर बी कुजते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. म्हणूनच तिच्यात एकही शब्द शोभेचा नव्हता.

यावर आक्षेप येईल की साहित्यसंकल्पना म्हणजे माती नव्हे. त्या मुठीत दाबून पाहता येत नाहीत. आक्षेप रास्त आहे. परंतु व्याख्येवर काहीतरी अवलंबून असणे, ही अट साहित्यालाही लागू पडते. 'दलित साहित्य' या संज्ञेचा इतिहास त्याची साक्ष देतो. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाने दलितांनी लिहिलेले आणि इतरांनी दलितांविषयी मराठीत लिहिलेले, अशा दोन्ही प्रकारच्या साहित्याला एक स्वतंत्र स्थान मागितले. पुढे भर विषयावरून जाणिवेकडे सरकला आणि आंबेडकरी विचाराची कसोटी पुढे आली. दरम्यान १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दातच अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांसह कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सर्व शोषितांना सामावले. नैयायिक येथे कदाचित अतिव्याप्ती दाखवेल. पण जाहीरनाम्याचा व्यवहार वर्गीकरणाचा नव्हता, माणसे जोडण्याचा होता. एक व्याख्या मान्यता मागत होती, दुसरी लेखनाची कसोटी ठरवत होती, तिसरी आवाहन करीत होती. यांतील 'योग्य' व्याख्या कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे; ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी केली, हे विचारल्याखेरीज तिचा दोषही सांगता येत नाही आणि गुणही.

म्हणून अंतर्गत मूल्यमापनात 'व्याख्या लिहा' असा प्रश्न मी आता देत नाही. व्याख्या मीच देतो आणि तिच्यात न बसणारी एक मराठी कलाकृती शोधण्यास सांगतो. ती का बसत नाही आणि त्यामुळे व्याख्या बदलावी की नाही, हे विद्यार्थ्याने लिहायचे असते. विद्यार्थी यावर फारसे खूश नसतात. पाठांतराचे हमखास गुण जातात आणि सत्रान्त परीक्षेत तर 'संकल्पना स्पष्ट करा' हेच येणार, अशी त्यांची तक्रार असते. ती मला खोडून काढता येत नाही. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तोच पहिला आहे, त्याला हमखास गुणांची किंमत माझ्यापेक्षा अधिक कळते. तरीही दरवर्षी दोन-चार उत्तरपत्रिका अशा येतात की ज्यांत ग्रामीण कादंबरीची किंवा आत्मकथनाची आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलेली व्याख्या एखाद्या नेमक्या उदाहरणाने अडवलेली असते, आणि पुढच्या वर्षीच्या टिपणात मला ती दुरुस्त करून घ्यावी लागते.