गाडीचा आवाज आणि अब्बांचे कान

आमच्या गाडीला हॉर्न वाजवायची गरज पडत नसे. ती नई जिंदगीकडच्या वळणाला लागली की अम्मी आतून अब्बांना सांगायची, "आ गई तुमारी बेटी." आवाजच तसा होता. समोरून उजव्या बाजूला खट्, त्याच्या पाठोपाठ मागून खडखड, आणि स्पीडब्रेकर असला तर दोन्ही एकदम.

गाडी वॅगन आर, २००९ ची. २०१९ मध्ये टॉवेलच्या एका व्यापाऱ्याकडून ती आमच्याकडे आली. तो मागची सीट पाडून टॉवेलचे गठ्ठे भरायचा आणि हैदराबाद गाठायचा. वजनाने गाडी मागे बसू नये म्हणून त्याने चारही चाकांच्या मूळ स्प्रिंगा काढून जाड तारेच्या कडक स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीला गॅसचे शॉकअप बाहेरून बसवून घेतले होते. गठ्ठे असताना ती व्यवस्था ठीकच असणार. आमच्याकडे गठ्ठे नव्हते. अक्कलकोट तालुक्यातल्या शाळेत रोज जाणारी मी, पेट्रोलात वाटा देणाऱ्या दोन शिक्षिका, तीन डबे आणि तपासायच्या वह्यांची पिशवी, एवढंच ओझं. कडक स्प्रिंगेला दबायला वजन मिळालं नाही की ती धक्का स्वतः पीत नाही, माणसाच्या कमरेकडे पाठवून देते.

आम्हा तिघींच्या कमरा तरुण होत्या. प्रश्न अम्मीचा होता. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नाही, पण हादरे टाळायला सांगितले. तिकडे गुलबर्ग्याला तिची थोरली बहीण, आमच्या बडी खाला, पलंगाला खिळलेल्या. शहराचं नाव २०१४ पासून कलबुर्गी झालं, पण अम्मीचं माहेर गुलबर्ग्यातच आहे. सोलापूरहून रेल्वे आहे, पुष्कळ आहेत, पण प्लॅटफॉर्मचा जिना आणि डब्याची उंच पायरी अम्मीला जमत नव्हती. एसटीचं तर नावच नको. उरली आमची गाडी. एकदा अम्मीला बसवून निघालो, तर जुन्या अक्कलकोट नाक्याच्या पुढे तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बेटा, पलटा ले." त्यानंतर आठ महिने दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या. फोन ठेवल्यावर अम्मी काही बोलत नसे. तेच जास्त ऐकू यायचं.

म्हणून गाडीचं काही तरी करायचं ठरलं. पण काय करायचं, यावर घरात तीन पक्ष पडले.

भाईजान दम्मामला असतो. त्याचं म्हणणं, जे आहे ते फेकून द्या, त्याच जातीचा नवा सेट बसवा, पैसे मी पाठवतो. त्याने चौकशीही केली, चारही चाकांचे अठ्ठावीस हजार. अब्बांचं म्हणणं उलट. वस्तू उघडते ना, मग दुरुस्त होते. ते शॉकअप खरंच उघडणाऱ्यातले होते. वर आट्याचं झाकण, आत सील, सीलखाली तेल. "चार सील बदली करो, तेल डालो, बस." तिसरा पक्ष गॅरेजवाल्या उस्तादांचा. ते म्हणाले, हे दोन्ही नको, कंपनीतून गाडी जशी निघाली होती तशी करून टाका.

मी आठवीला विज्ञान शिकवते, तेव्हा माझं मत आधी कुणी विचारलं नाही हे मला थोडं लागलं. स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी कामं आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटली की ती खालीवर नाचत राहते, आमच्या उर्दू पुस्तकात त्याला 'इर्तेआश' म्हणतात. हा नाच थांबवण्यासाठी शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या. छिद्रातून तेल जबरदस्तीने जातं, गरम होतं, आणि स्प्रिंगेची तवानाई हरारत होऊन बाहेर पडते. वर्गात मी हे औषधाच्या दोन सिरिंज घेऊन दाखवते, एक रिकामी, एक खोबरेल तेलाची. रिकामीचा दट्ट्या सर्रकन जातो, तेलाचा रेंगाळतो. मुली तेलाची सिरिंज सोडायला तयार होत नाहीत.

याच हिशेबाने मी एक साधी तपासणी केली. शाळेतून आल्या आल्या चारही शॉकअपना हात लावून पाहिला. मागचे दोन आणि समोरचा डावा कोमट होते. समोरचा उजवा थंड. चाळीस किलोमीटर खड्डे खाऊन जो गरम होत नाही तो काम करत नाही. मग बोनेटचा उजवा कोपरा दाबून सोडला. चांगला शॉकअप एकदा वर येऊन स्थिर होतो. हा तीनदा डोलला.

पण मागची खडखड यात बसत नव्हती. ती अब्बांनी शोधली.

अब्बा आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर होते. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तिथे माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी काम करतो. धोटा एका टोकाहून सुटतो, दुसऱ्या टोकाला आदळतो, आणि तिथे त्याचा जोर जिरवायला चामड्याचा बफर असतो. चामडं झिजलं की धोटा आदळून मागे सरकतो, मग पुढचा फटका चुकतो, सूत तुटतं. अशा पन्नास मागांच्या गोंगाटात कुठल्या मागाचं चामडं गेलंय, हे अब्बा दारात उभे राहून सांगायचे. आज त्यांना टीव्हीचा आवाज मोठा लागतो, आम्ही बोललेलं दोनदा सांगावं लागतं. त्या गोंगाटानेच ते कान घेतले. पण लोखंडावर लोखंड आदळलं की अजून कळतं.

ते मागच्या सीटवर बसले आणि मला होटगी रोडवर गाडी हळू चालवायला लावली. दोन फेऱ्या झाल्या. म्हणाले, "पिच्छे का शॉकअप नै बजरा. रब्बर मरा है. लोहे पे लोहा लगरा." उस्तादांनी पहार घालून मागचा भाग हलवून पाहिला, तर खरंच, खालच्या दांड्यांच्या डोळ्यातले रबरी बुश चिरून ढिले झाले होते. त्या बुशांची किंमत एवढी किरकोळ, की भाईजानच्या अठ्ठावीस हजारांच्या नव्या सेटनंतरही ती खडखड तशीच राहिली असती.

आता समोरचा उजवा. वॅगन आरला पुढे जी रचना आहे ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती फोर्डच्या गाड्यांत आली. तिच्यात शॉकअप हा नुसता शॉकअप नसतो, चाकाला उभं धरणारा खांबही तोच. त्यामुळे तिथे 'चालवून घेऊ' म्हणता येत नाही. उस्तादांनी तो उतरवला, झाकण फिरवून उघडला. आत तेल होतं ते चमचाभर, काळं. अब्बा खूश झाले, कारण म्हणजे आजार तेलाचा, इलाज सोपा. मग उस्तादांनी आतली दांडी कापडाने पुसून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "मॅडम, नख फिरवून बघा."

दांडीवर क्रोमचा आरशासारखा मुलामा असतो. मी नख फिरवलं आणि ते तीन ठिकाणी अडकलं. वरची रबरी टोपी फाटलेली, तिथून धूळ आणि पाणी जाऊन गंजाचे टिपके पडले होते. दुरुस्तीचा सगळा हिशेब या नखावर आहे. दांडी गुळगुळीत असेल तर नवा सील वर्षानुवर्षं टिकतो. टिपके असतील तर ते टिपके दर खड्ड्याला सीलच्या ओठावरून कानशीसारखे घासतात, आणि काही महिन्यांत तेल पुन्हा बाहेर.

अब्बा हटले नाहीत. दांडीला नव्याने क्रोम चढवून घासून घेऊ म्हणाले, कारखान्यातल्या दांड्यांना असं करत असत. हे खोटं नव्हतं. पण त्यानंतर गॅसचं काय? तेलावर दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे गरम तेलाला फेस येत नाही. तो भरण्याची सोय उस्तादांकडे नव्हती. गॅसविना जोडला असता तर चालला असता, पण लांबच्या रस्त्यावर तेलाला फेस आला की पुन्हा तोच ढिलेपणा. आणि आम्हाला लांबच्या रस्त्यासाठीच तर हवा होता.

त्या रात्री मी वहीत आकडे मांडले. २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली आहे. म्हणजे गाडीचा उरलेला काळ मोजका. पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट मला पटली. तो सेट, दुरुस्त केला तरी आणि नवा आणला तरी, टॉवेलच्या गठ्ठ्यांसाठी आहे. अम्मी मागच्या सीटवर बसणार, आणि तिच्या खाली गठ्ठ्यांसाठी बनवलेली कडक स्प्रिंग. तेव्हा आवाज बंद झाला असता, हादरा नाही. मी उस्तादांच्या पक्षाला गेले. चारही मूळ जातीच्या मऊ स्प्रिंगा, चारही साधे शॉकअप, समोरचे वरचे रबरी माउंटिंग, मागचे बुश, शेवटी व्हील अलाइनमेंट. मागचे दोन शॉकअप चांगले असताना बदलणं अब्बांना उधळपट्टी वाटली. पण कडक स्प्रिंगेच्या मापाचा शॉकअप मऊ स्प्रिंगेला मोकळं उघडू देत नाही, गाडी पुन्हा ताठरते. मजुरीसह सतरा हजारांत झालं. भाईजानला मी अर्धेच मागितले.

अब्बा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मला त्यांचा राग समजत होता. त्यांच्या पिढीने माग भंगारात जाताना पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी हिशेबाची वही घेऊन हेच सांगितलं असणार की नवं स्वस्त पडतं. माझ्या हातातही वहीच होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काढलेला डावा शॉकअप मागून घेतला. त्याची दांडी स्वच्छ होती. गच्चीवर बसून त्यांनी तो उघडला, उस्तादांकडून नळीला उभी चीर पाडून आणली, कडा घासल्या, आतल्या दट्ट्याला लाल रंग दिला. तो आता माझ्या वर्गात आहे. दांडी ओढली की छिद्रांचा दट्ट्या वरखाली होताना दिसतो. पहिल्या दिवशी एका मुलीने विचारलं, मिस, हा कुठून विकत आणला?

जानेवारीत एका रविवारी आम्ही गुलबर्ग्याला गेलो. अम्मीच्या पाठीशी दोन उशा, पुढे अब्बा. अक्कलकोट ओलांडलं तेव्हा मी आरशात पाहिलं, अम्मीचे डोळे मिटलेले होते आणि तोंड किंचित उघडं, झोप लागलेली. बडी खालांनी तिचा हात धरला तो दुपारच्या जेवणापर्यंत सोडला नाही. बोलणं फार झालं नाही. खालांना आता सगळी माणसं ओळखू येत नाहीत, पण अम्मीला त्यांनी लहानपणच्या नावाने हाक मारली, जे नाव आम्ही मुलांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

परतताना अंधार पडला होता. हद्दीच्या अलीकडे अब्बांनी अचानक हात वर केला. "ठैर. कुछ बजरा." मला काहीच ऐकू येत नव्हतं, अम्मीलाही नाही. गाडी कडेला घेतली. अब्बा उतरले, डिक्की उघडली, मोबाइलच्या उजेडात बराच वेळ काही तरी चाचपत राहिले. जॅकचा हुक सुटून तो पत्र्याला लागत होता. त्यांनी जुना टॉवेल काढला, जॅकभोवती तीन वेढे दिले, वरून सुतळी आवळली आणि पुढे येऊन बसले.

"अब चल," म्हणाले.