शनवार तेली

आमच्या हातून एक चूक वीस वर्षें वर्गांत होत आली. ती कशी उघडकीस आली तें येथें मोकळ्या मनानें सांगावें, असें योजिलें आहे.

उत्तम शुक्रवारच्या आधीं शाळेच्या प्रार्थनेंत प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत सांगण्याचें काम बहुधा आमच्याकडे असतें. तो सांगतांना ‘यहुद्यांनीं असें केलें’, ‘यहुदी ओरडले’ हे शब्द आमच्या तोंडून सहज जात. येशू स्वतः यहुदी, त्याची माता यहुदी, बाराहि शिष्य यहुदी, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण ठाऊक असणें निराळें आणि बोलतांना स्मरण राहणें निराळें. मुरबाड तालुक्यांतून येऊन शहापुरास आमच्या वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलानें एकदां प्रार्थनेनंतर विचारलें, “गुरुजी, ते वाईट लोक आतां कोठें राहतात?” “फार दूर,” असें घाईघाईनें सांगून आम्ही तासाला गेलों.

तोच प्रश्न त्या मुलानें सुटींत आपल्या आजोबांस विचारला. आजोबा उमेदीच्या काळीं ठाण्यास कारखान्यांत कामाला होते. नातवाला पोंचवावयास आले तेव्हां म्हणाले, “गुरुजी, दूर कशाला? माझ्या खात्यांतला जोडीदार त्यांच्यांतलाच होता. शनवारची पाळी बदलून मागायचा. आमच्या घरच्या लग्नाला आला होता. मराठी तर माझ्याहून चांगली बोलायचा.” म्हातारा रागावला नव्हता, त्यामुळें आम्हांस अधिकच लाज वाटली.

मग आम्हीं वाचावयास घेतलें. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याला फुटलें आणि जीं थोडीं माणसें वांचलीं तीं कोंकणांतच राहिलीं. त्यांनीं तेलाचे घाणे घातले. शब्बाथ पाळावयाचा म्हणून शनिवारीं घाणा बंद; त्यावरून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. पेणचे ते पेणकर झाले, किहीमचे ते केहीमकर. घाणा बंद कां म्हणून कोणी तो मोडावयास गेलें नाहीं. नांव तेवढें ठेवलें, आणि तेंहि कामावरून! पुढें सॅम्युएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईस त्यांचें पहिलें प्रार्थनालय बांधलें. मोशे, दावीद यांच्या कथा हे लोक मराठी कीर्तनांतून ऐकत. आमच्याच अमेरिकन मिशनच्या व स्कॉटिश मिशनच्या शाळांत त्यांचीं मुलें शिकलीं, कित्येक तेथें शिक्षकहि झाले. धर्म मात्र फारच थोड्यांनीं बदलला. तरी त्यांस शाळेंतून कोणीं काढलें नाहीं, याचें श्रेय त्या जुन्या गुरुजनांस द्यावयास हवें.

याच किनाऱ्याच्या खालच्या अंगास, गोव्यांत, १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन होतें. पोर्तुगालांत बाप्तिस्मा घ्यावा लागलेले यहुदी घरांत गुप्तपणें आपले सण पाळतात, या संशयावरून तेथें माणसांस शिक्षा झाल्या. तें न्यायासन ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांचें होतें. तें १८१२ सालीं कायमचें उठलें.

त्या मुलाला व आणखी चौघांना घेऊन आम्ही आसनगांवाहून गाडीनें ठाण्यास गेलों. टेंभी नाक्याजवळ ‘शआर हशामाइम’, म्हणजे स्वर्गाचें दार, हें १८७९ चें प्रार्थनालय आहे. दाराशीं आमचीं नांवें लिहून घेतलीं, ओळखपत्रें पाहिलीं, आणि मग अगदीं आपुलकीनें आंत नेलें. मुलें बुचकळ्यांत पडलीं. माहुलीच्या पायथ्याशीं देवाला जावयास कोणी ओळखपत्र मागत नाहीं, आणि म्हशाच्या यात्रेंत तर बैल आणि माणूस एकाच वाटेनें आंत शिरतात.

कारण आम्हींच सांगितलें. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर जो हल्ला झाला त्यांत कुलाब्याचें नरीमन हाउस मुद्दाम वेंचलें होतें, तें तेथें यहुदी राहत म्हणून. रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का मारलीं गेलीं. दोन वर्षांचाहि पुरा न झालेला त्यांचा मोशे, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या बाईनें उचलून बाहेर आणला. ही बाई ख्रिस्ती. आणि मेलेल्या हल्लेखोरांस आपल्या कबरस्तानांत जागा देण्यास मुंबईच्या जामा मशिदीच्या विश्वस्तांनीं साफ नकार दिला.

“अमेरिकेंत असें होत नसेल,” एक मुलगा म्हणाला. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या आम्हांस अमेरिका गुरुगृहासारखी. तेव्हां होय म्हणावें असें क्षणभर वाटलें. परंतु स्वतःच्या धर्माच्या मोकळिकीसाठीं समुद्र ओलांडून गेलेल्या बॉस्टनच्या प्युरिटनांनीं क्वेकर पंथाच्या मेरी डायरला १६६० सालीं फांशी दिलें. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं १७९० सालीं न्यूपोर्टच्या यहुद्यांस पत्र लिहून अभय दिलें, १७९१ सालीं धर्मस्वातंत्र्य राज्यघटनेंत आलें. तरी मेरिलंडांत यहुद्यांस सरकारी अधिकारपदाचा मार्ग १८२६ पर्यंत बंद होता. आणि इतक्या लेखी अभयानंतर २०१२ सालीं ओक क्रीकच्या गुरुद्वारांत सहा माणसें गोळ्यांनीं मारलीं गेलीं, २०१८ सालीं पिट्सबर्गच्या यहुदी प्रार्थनालयांत शनिवारच्या उपासनेच्या वेळीं अकरा. त्या वेळीं अमेरिकेंतील मुसलमानांनीं पिट्सबर्गच्या कुटुंबांसाठीं वर्गणी गोळा केली, हेंहि मुलांस सांगितलें. कारण अर्धी हकीकत सांगण्याचा परिणाम आम्हीं नुकताच पाहिला होता.

परतीच्या गाडींत मुरबाडचा मुलगा खिडकीशीं गप्प बसला होता. टिटवाळा गेल्यावर म्हणाला, “गुरुजी, आपल्या मंडळींतहि नांवें लिहून घ्यावीं लागतील काय?” आमच्या मंडळींत रविवारीं जेमतेम तीस माणसें जमतात, आणि वारा यावा म्हणून दार सताड उघडें असतें. आमची ही शाळा भारताच्या संविधानाच्या तिसाव्या कलमाच्या आधारें चालते. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांसहि अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. हें सर्व आम्हीं त्याला सांगितलें. पण त्यानें विचारलें होतें तें दाराविषयीं, आणि त्याचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें.

गेल्या उत्तम शुक्रवारच्या आधीं वृत्तांत सांगण्याचें काम आम्हीं त्याच्यावर सोंपविलें. ‘मुख्य याजकांनीं’, ‘पिलाताच्या शिपायांनीं’, असें ज्याचें त्याचें नांव घेऊन तो नीट सांगत होता. एके ठिकाणीं जुना शब्द त्याच्या ओठावर आला. तो थांबला, मागच्या बांकावर बसलेल्या आजोबांकडे त्यानें पाहिलें, आणि वाक्य पुन्हां आरंभापासून सांगितलें.