उजवा कावा

घोडी घेतली तेव्हा ती नाचायची. अकोल्यात वरातीला जाणारी काठेवाडी, कानांची टोकं आत वळलेली. बँडचा ठेका पडला की पुढचे पाय छातीपर्यंत उचलायची. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या वावरात आणली, तर बघायला निम्मं गाव जमलं. पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की तिला डावीकडे वळता येतं, उजवीकडे येत नाही.

उजवी बाग ओढली की नुसती मान वळायची. धड आपलं सरळच चाललेलं. जोर केला तर तोंड उघडून उभी. वरातीत धरणारा माणूस नेहमी डाव्या अंगाला चालतो आणि घोड्याचं तोंड आपल्याकडे ओढून धरतो. हिची सारी उमर त्यात गेली होती. शिवाय तोंडात काटेरी लगाम. १९६५च्या नियमांनी तो बंद आहे, तरी वापरणारे वापरतातच. जिभेच्या कडेला जुने वळ होते. तिचा नाच म्हणजे त्या लगामापासून जागच्या जागी पळणं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

अमरावतीला एक निवृत्त दफेदार आहेत, जयपूरच्या ६१व्या घोडदळातले, पण मूळचे वऱ्हाडचे. दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. पहिला महिनाभर त्यांनी मला माझ्या घोडीवर बसूच दिलं नाही. ‘‘तिच्या तोंडातलं काढ आन् दोरीवर कावा दे,’’ एवढंच. कावा म्हणजे घोड्याला गोल फिरवणं. मला वाटलं, हे काय शिक्षण! शिकायला त्यांचा म्हातारा घोडा होता. त्याच्यावर बसून मी आतला पाय तंगापाशी नुसता टेकवला आणि तो बरगड्यांतून असा वळला, की मी खोगिरावर दचकलोच. आपली घोडी काय करत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

‘‘मान वयवू नको, बरगड्या वयव,’’ दफेदारसाहेब ओरडायचे. ‘‘हातानं नाही, पायानं.’’

घरी मैदान कुठलं? सोयाबीन निघालं की वावराचा एक तुकडा मोकळा ठेवला. मधोमध खुंटी ठोकली, दहा मीटरचा दोर बांधला आणि फक्कीनं वीस मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं. आमची काळी माती पावसाळ्यात खूर धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सराव दिवाळीपासून होळीपर्यंतच. आधी पंधरा मिनिटं ढिल्या बागेवर नुसतं चालणं. मग दुडकी. वर्तुळ हळूहळू लहान करत आत यायचं आणि आतल्या पायानं तिला परत बाहेर सरकवायचं. बाहेर सरकताना तिचा आतला मागचा पाय पोटाखाली येतो. सगळी लवचीकता त्या एका पायावर आहे. मी दोन महिने उजवी बाग ओढून ती आणू पाहत होतो. तो वेळ फुकट गेला.

काळ्या मातीचा एक फायदा मात्र झाला: ती खोटं बोलत नाही. सुरुवातीला मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या वीतभर मागे पडायचा. जानेवारीत तो पुढच्या ठशावर पडू लागला. घोडी मान खाली सोडून फुरफुरू लागली, शेपूट सैल झुलू लागलं.

मग ‘शोल्डर-इन’. खांदा आत घेऊन, बाकी अंग कडेनंच ठेवून पुढे चालायचं. फ्रान्सच्या द ला गेरिनियेरनं १७३३ साली छापलेल्या ग्रंथात हा व्यायाम सांगितला आहे. जगभरचे स्वार आजही तो करतात. बरोबर जमला तर जमिनीवर तीन रेघा उमटतात: बाहेरचा मागचा पाय, मग आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा एकाच रेघेवर, आणि शेवटी आतला पुढचा. डाव्या अंगानं तो मला प्रथम जमला, तेव्हा सकाळी आमचे काका वावरात उभे राहून म्हणाले, ‘‘इथं कोनं तिफन हाकली रे?’’ एवढी मोठी शाबासकी मला कुठल्या परीक्षेत मिळाली नव्हती.

२६ सप्टेंबर २०२३ला हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या चमूनं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या अशाच शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेचं, सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं. चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्यांचे घोडे आणि त्यांचा सराव युरोपातला. आमच्या खुंटी-दोराशी त्याची काय तुलना! पण मोबाईलवर पाहताना मी घोड्यांची तोंडं पाहिली नाहीत, आतला मागचा पाय कुठं पडतो तेच पाहत होतो.

लग्नासाठी अजून विचारणा होते. मी नाही म्हणतो. घोडी आता बँड ऐकून फक्त कान टवकारते. डाव्या अंगाचं दहा मीटरचं वर्तुळ ती सहज काढते. उजवीकडे बारा मीटरवर अडलो आहोत.