वॅगनआर की टियागो?



चातुर्मास संपला की गाडी घ्यायची, असं आमच्या घरी ठरलं होतं. सात लाखांच्या आत बसायला हवी आणि घरातली पाचही माणसं त्यात मावायला हवीत. शेवटी दोनच नावं उरली, मारुतीची वॅगनआर आणि टाटांची टियागो. हे मायलेज बघत होते, मुलगा टचस्क्रीन बघत होता आणि मी सासूबाईंचे गुडघे.

बाहुबलीला, कुंथलगिरीला जायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, आई चढणार-उतरणार कशा? वॅगनआरची उंची 1675 मिलिमीटर, टियागोची 1535. म्हणजे साडेपाच इंचांचा फरक. कागदावर तो किरकोळ वाटतो. पण सासूबाई वॅगनआरमध्ये खुर्चीवर बसावं तशा सरळ बसल्या. टियागोत मात्र आधी डोकं वाकवायचं, मग खाली टेकायचं, आणि उतरताना दाराला धरून उठायचं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दिसलं.

सामानाचंही तसंच. आपण बाहेरचं खात नाही, तेव्हा डबे, गाळलेलं पाणी, पूजेची पेटी, सोवळ्याचे कपडे असं सगळं बरोबर असतं. वॅगनआरची डिकी 341 लिटरची, टियागोची 242. सीएनजी घेतलं तर मात्र गणित उलटतं! वॅगनआरमध्ये एकच मोठी टाकी डिकी जवळजवळ खाऊन टाकते. टियागोत दोन लहान टाक्या तळाशी बसवतात, त्यामुळे वर पिशव्या राहतात. रोजचं धावणं भरपूर असेल आणि सीएनजीच हवं असेल, तर मी टियागोच घ्या म्हणेन.

आता माझी झोप उडवणारा भाग. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत टियागोला 2020 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. वॅगनआरला 2023 मध्ये एकच, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. 2023 ची चाचणी जास्त कडक होती, हे खरं. तेव्हाच्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या, 2025 पासून वॅगनआरच्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा आल्या, हेही खरं. (आम्ही पाहिली त्या टियागोत दोनच होत्या.) पण एअरबॅग वाढल्या म्हणून गाडीचा सांगाडा मजबूत होतो असं नाही. मागच्या सीटवर आमची सात वर्षांची लेक बसणार, त्यामुळे तो शून्य डोक्यातून जाईना. दारं लावून पाहिली तरी टियागोचा भरीवपणा हाताला जाणवतो.

दोन रात्री आम्ही यावर बोललो. आमचा बहुतेक प्रवास गावात आणि जवळपासचा. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असल्यामुळे रात्रीचा हायवे तसाही आमच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणून वॅगनआर, पेट्रोलची, बुक केली. रोज हायवेवरून नोकरीला जाणारी बहीण विचारेल तर तिला मी टियागो सांगेन.

सीट कव्हर आणि स्टिअरिंगचं आवरण चामड्याचं नाही ना, हे दोन्हीकडे विचारून घ्या. विक्रेते रेक्झिनलाही सर्रास ‘लेदर’ म्हणतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला साडीत नेऊन मागचा पट्टा लावून बघा. सासूबाईंना तो गळ्याशी काचत होता, जरा सरकून बसल्यावर नीट बसला. रविवारी मात्र जाऊ नका, गर्दीत कुणी धड दाखवत नाही.