मसाई पठारावर, ऐन मे महिन्यात

कोल्हापूर म्हटलं की रंकाळा, पंचगंगा आणि महापूर डोळ्यांपुढे येतो. याच जिल्ह्यात उन्हाळाभर वाळवंट होऊन बसणारी जागा आहे, हे मे महिन्यात मसाई पठारावर गेल्याशिवाय पटत नाही. शहरापासून पन्हाळा 20 किलोमीटर. तिथून पश्चिमेला थोडं पुढे चढून आलं की झाडं संपतात आणि नजर जाईल तिथवर तांबडाकाळा जांभा पसरलेला दिसतो. सकाळी नऊलाच दगडावर हात टेकवला तर चटका बसला.

जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी माथ्यावर फार काळ टिकत नाही. झिरपून कड्याखाली झऱ्यांतून बाहेर पडतं. वरची माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात त्याच बोटभर मातीत दवबिंदू, सीतेची आसवं अशा कीटकभक्षी वनस्पती फुलतात. मे महिन्यात त्यांची बीजं आपल्या बुटांखालच्या धुळीत पडलेली असतात. 2022 मध्ये हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र झालं ते उगाच नव्हे. वाळल्या गवतावर टाकलेली एक विडी इथे वणवा पेटवते, आणि वाऱ्यावरचा वणवा माणसापेक्षा वेगाने धावतो.

याच माथ्यावरून 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजीमहाराज विशाळगडाकडे गेले. सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला मार्चपासून पडला होता. आषाढी पौर्णिमा असूनही आभाळ भरलेलं, पाऊस कोसळत होता. प्रतिशिवाजी होऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसले आणि प्राणाला मुकले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, लढवली. या दोन बलिदानांपुढे आपण नतमस्तक होतो. पण ती वाट हेरांनी आधी पारखून ठेवली होती, हे मात्र विसरतो. अंधारात, चिखलात, आडोसा नसलेला हा माथा ओलांडणं निव्वळ धाडसाचं काम नव्हतं. वाट माहीत असलेली माणसं सोबत होती. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांनी एवढं तरी त्या रात्रीकडून घ्यावं. वर पावसाळ्यातलं धुकं. त्यात दहा पावलांवरचा कडा दिसत नाही. तेव्हा जागेवर थांबायचं, धुकं विरळ झालं की निघायचं.

पठाराच्या कडेखाली पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी मोकळा माथा सोडून कडा निवडला, कारण सावली आणि पाणी दोन्ही तिथेच. ओंजळभर गारवा अंगावर येताच मन सैल होतं, आणि नेमक्या तिथेच जपायचं. कड्याकपारीला आग्यामोहोळ असतं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा तर मुळीच नको. दगडांच्या फटीत हात घालू नये. फुरसं दगडाच्याच रंगाचं असतं. दंश झालाच तर करकचून बांधू नये, चिरू नये. माणसाला हलू न देता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावं. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना मात्र माझ्याकडे क्षमा नाही.

वर परतलो तेव्हा म्हशी वळणारे एक धनगर आजोबा पश्चिमेकडे बोट करून म्हणाले, "पाव्हणं, दोनच्या आत खाली उतरा. वळीव सांगून येत न्हाई." आभाळात तेव्हा मुठीएवढा ढग होता. तासाभरात गडगडाट सुरू झाला. सपाट माथ्यावर विजेला सर्वांत उंच सापडतो तो माणूसच, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून घातक. पहिला गडगडाट कानावर आला की खाली उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर फिरकायचं नाही.

उन्हाळ्यात जाणार असाल तर उजाडता पठारावर पोचा, माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, टोपी घाला आणि अकराच्या आत माथा सोडा. पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या सोबत घ्या आणि त्याच्या कष्टाचे पैसे न घासता द्या.