लीड्स युनायटेड आणि चाळीस हजार

मी बँकेत कारकून आहे आणि बी. कॉम. आहे. त्यामुळे मला पैशातले कळते असा पुष्कळांचा समज आहे. लोकांचे सोडा, एके काळी माझाही होता. पण दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्याला पैशातले कळत असेल, तर पळीलाही श्रीखंडाची चव कळायला हवी.

फुटबॉलमधले तर मला त्याहूनही कमी कळते. मी कोल्हापूरचा असतो तर गोष्ट वेगळी होती. तिथे मूल पेठेत जन्माला येते आणि बारशाच्या आत कुठल्या तरी तालमीच्या संघाचे होते. मी पडलो डोंबिवलीचा. आमच्याकडे लाथा मारण्याचा सराव सकाळच्या फास्ट लोकलमध्ये होतो आणि तिथे चेंडू नसतो.

तरीसुद्धा इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड या क्लबाचा गेल्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च मला तोंडपाठ आहे. याला कारण माझा धाकटा मेहुणा.

आम्हा बँकवाल्यांच्या पगाराचा करार दर पाच वर्षांनी होतो. करार ज्या तारखेपासून लागू व्हायचा, त्या तारखेला तो कधीच होत नाही. मग बोलणी, मोर्चे, संप, पुन्हा बोलणी आणि शेवटी एकदाची सही. मधल्या काळातला फरक एकरकमी हातात पडतो, त्याला आम्ही ‘एरिअर्स’ म्हणतो. बँक कर्मचाऱ्याच्या घरात या शब्दाला जे स्थान आहे ते कोकणात आंब्याच्या मोहोराला. मोहोर दिसला की माणूस पेट्यांचे पैसे मोजायला लागतो.

नोव्हेंबर २०१७ पासून नवा करार लागू व्हायचा होता. २०१८ची दिवाळी आली तरी सही नव्हती. पण एरिअर्स तर येणारच होते! मी कागदावर आकडेमोड केली, हिने तो कागद फ्रीजवर चिकटवला आणि मग फ्रीजच जुना वाटायला लागला. नवा दोन दारांचा फ्रीज हप्त्याने घेतला. सोफा आणि गॅलरीच्या सरकत्या खिडक्या यांच्यासाठी मेहुण्याकडून चाळीस हजार उसने घेतले.

“भाऊजी, सावकाश द्या,” तो म्हणाला.

“छे छे, मार्चपर्यंत करार होतोच,” मी म्हणालो. ही तारीख मला कोणी सांगितली होती, हे मला आजतागायत आठवलेले नाही.

माझा मेहुणा अत्यंत सभ्य माणूस आहे. दिलेले पैसे तो तोंडाने कधीही मागत नाही. तो लीड्सविषयी बोलतो. कॉलेजात असताना रात्र रात्र जागून त्याने या क्लबाचे सामने टीव्हीवर पाहिले होते आणि तेव्हापासून तो त्यांचा झाला तो झालाच. संक्रांतीला आला तेव्हा तिळगूळ तोंडात टाकून तो नव्या सोफ्यावर बसला, हाताने गादी दाबून पाहिली आणि म्हणाला, “भाऊजी, २००० साली लीड्सने रिओ फर्डिनंडला एक कोटी ऐंशी लाख पौंडांना घेतला होता.”

“एक माणूस?”

“एक माणूस. बचावफळीतला. तेव्हा ब्रिटनमधला सगळ्यांत महागडा.”

मला यातले हिशेबाचे अंग आवडले. पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या खेळाडूची किंमत जमाखर्चात एकदम खर्ची पडत नाही म्हणे. दर वर्षी एक पंचमांश. म्हणजे खेळाडू हा आमच्या शाखेतल्या लोखंडी कपाटासारखा झाला, त्याच्यावर घसारा धरायचा. फरक एवढाच, की कपाटाचा गुडघा दुखावत नाही, कपाट पगार मागत नाही आणि दुसऱ्या शाखेने जास्त पैसे देऊ केले म्हणून कपाटाचे सरावातले लक्ष उडत नाही. त्या संध्याकाळी घसाऱ्यावर मी सुमारे पाऊण तास बोललो. मेहुणा ऐकत होता. मधूनमधून सोफ्याकडे बघत होता.

पाडव्याला पुढचा अध्याय झाला. २००१ साली लीड्स चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचले. युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांच्या या स्पर्धेत नुसते खेळले तरी पैशांचा पाऊस पडतो. तिथे व्हॅलेन्सियाने त्यांना तीन-शून्याने घरी धाडले. पण खरा घात मायदेशी झाला. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत जायचे तर इंग्लिश लीगमध्ये पहिल्या तिनांत यावे लागे. लीड्स आले चौथे. एका गुणाने!

“मग आवरते घेतले असेल,” मी म्हणालो.

“छे! त्याच वर्षी सहा कोटी पौंडांचे कर्ज काढले. पंचवीस वर्षांच्या मुदतीचे. तारण काय, माहीत आहे? पुढे विकल्या जाणाऱ्या तिकिटांचे पैसे.”

कर्ज विभागात नऊ वर्षे काढलेला माणूस हे ऐकून गप्प कसा बसेल? जी तिकिटे अजून छापलेली नाहीत, जे प्रेक्षक त्यातले काही अजून जन्मलेले नाहीत, त्यांच्या खिशातले पैसे तारण! आमच्याकडे साधी दुचाकी घ्यायची तर तीन महिन्यांची सॅलरी स्लिप, दोन जामीनदार आणि गाडीचे कोटेशन लागते. “न आलेल्या पैशांवर खर्च करणारा माणूस मूर्ख,” मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, “आणि त्याला देणारा महामूर्ख!”

मेहुणा हसला. ही आतून म्हणाली, “अहो, श्रीखंड घ्यायला या.” तिचा आवाज जरा वेगळा लागला, पण मी ते श्रीखंडाच्या भरात विसरलो.

आंब्याच्या दिवसांत तो आला तेव्हा लीड्स पार गाळात गेले होते. पुढच्या साली पाचवे आले, फर्डिनंडला जवळपास तीन कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकले. मँचेस्टर म्हणजे त्यांचे हाडवैरी. घरातले मंगळसूत्र भाऊबंदांकडे गहाण टाकल्यासारखे ते. मग एकेक करून सगळेच विकायला काढले. रॉबी फाउलरची गोष्ट ऐकून तर मी आंब्याची कोय हातात धरून बसलो. कोटीभर पौंडांना विकत घेतलेला हा माणूस दीड वर्षाच्या आत दुसऱ्या क्लबाला विकला, आणि विकल्यावरही त्याच्या पगारातला वाटा लीड्सच भरत होते. म्हणजे म्हैस विकायची, दूध शेजाऱ्याने काढायचे आणि पेंड आपण घालायची.

नंतरच्या अध्यक्षांनी खर्चाच्या वह्या उघडल्या, तेव्हा आधीच्या अध्यक्षांच्या कचेरीत मासे निघाले. शोभेचे, भाड्याने आणलेले. भाडे महिना वीस पौंड. गंमत अशी, की कोटी कोटी पौंडांची कर्जे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, पण ते मासे सगळ्या इंग्लंडच्या लक्षात राहिले. हे मला अगदी पटले. आमच्या शाखेत मोठे कर्ज बुडाले तेव्हा कोणी अवाक्षर काढले नाही. चहाचा कप साडेसातवरून आठ रुपये झाला तेव्हा मात्र तातडीची सभा भरली होती.

२००४ मध्ये लीड्स पहिल्या वर्गातून खाली घसरले. त्याच वर्षी एलंड रोड हे स्वतःचे मैदान त्यांनी विकले आणि आपल्याच घरात भाडेकरू होऊन राहिले. २००७ मध्ये दिवाळखोरीच्या दारात प्रशासक नेमावा लागला आणि क्लब तिसऱ्या वर्गात जाऊन पडला.

एवढे सगळे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो पडला पोर्ट्समथमुळे. पावसाळ्यात एका रविवारी मेहुणा ओली छत्री घेऊन आला आणि म्हणाला, “आज दुसराच क्लब सांगतो.” पोर्ट्समथने २००८ साली एफ. ए. कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१०मध्ये तो प्रशासकाच्या हाती गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही पाळी आलेला तो पहिलाच क्लब. आता क्लब बुडाला की देणेकऱ्यांची रांग लागते. पण तिथल्या फुटबॉलमध्ये नियम असा, की खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी आधी, पुरीच्या पुरी द्यायची. बाकीच्यांनी उरल्यासुरल्यातून जे मिळेल ते वाटून घ्यायचे. आणि या बाकीच्यांत कोण होते? सामन्याच्या वेळी प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स!

“म्हणजे कोटीवाल्याला पुरे पैसे आणि बँडेज बांधणाऱ्याला चिल्लर?” मी विचारले.

“जो ओरडत नाही तो शेवटी, भाऊजी,” मेहुणा म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला.

तो गेल्यावर मी मुकाट्याने वही काढली. फ्रीजचा हप्ता वेळच्या वेळी. पतपेढीचा पगारातून परस्पर कापलेला. सोसायटीचा मेंटेनन्स दहा तारखेच्या आत, नाहीतर सेक्रेटरी फळ्यावर नाव लिहितात. किराणावाला महिन्याच्या महिन्याला. राहिला एकटा मेहुणा. माझ्या घरातली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स!

“तुला हे कळत होतं?” मी हिला विचारले.

“पाडव्यापासून,” ही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “त्यानं पोरीच्या शाळेच्या फीसाठी लावलेली आवर्तक ठेव मोडून दिले होते ते पैसे. जूनमध्ये फी ऑफिसातून उचल घेऊन भरली. मला वहिनीकडून कळलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती.”

मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कापले जाते. दिवसातून दोन-तीन ग्राहकांना मी हे काउंटरवरून तोंडपाठ सांगतो, काहींना तर चढ्या आवाजात. त्या रात्री मी नव्या सोफ्यावर बसलो नाही.

त्या साली गणपतीच्या दर्शनाला मेहुणा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आठवड्यापूर्वीच, २७ ऑगस्ट २०१९ रोजी, बरी नावाच्या छोट्या क्लबाला पैशांच्या घोळापायी लीगमधून काढून टाकले होते. १८८५ सालचा क्लब. दोनदा एफ. ए. कप जिंकलेला. शेवटच्या दिवशी, अजून काहीतरी होईल या आशेने, गावातली माणसे झाडू-फडकी घेऊन मैदानात गेली होती आणि पुढच्या सामन्यासाठी खुर्च्या पुसत होती. खुर्च्या पुसून झाल्या आणि रात्री बातमी आली.

या वेळी तो मला काही सुचवत नव्हता. त्याला खरेच वाईट वाटत होते. मी आत गेलो आणि दोन हजार रुपयांचे पाकीट आणून त्याच्या हातात ठेवले. “दर महिन्याला एवढे देईन,” मी म्हणालो.

“करार झाला?”

“नाही.”

“मग कशातून?”

“सिगरेट आणि शनिवारचं हॉटेल,” मी म्हणालो. लीड्सनेही तेच केले होते. वर्गावर्गाने चढत चढत, सोळा वर्षांनी, २०२० साली ते पहिल्या वर्गात परत आले. माझी गाडी त्यामानाने वेगात गेली. चौदा महिन्यांत अठ्ठावीस हजार फेडले. नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या करारावर एकदाची सही झाली आणि उरलेले बारा हजार मी एकदम पाठवले. साथीचे दिवस होते, म्हणून फोनवरूनच. पाच मिनिटांत त्याचाही फोन आला.

“मिळाले, भाऊजी. यातून पोरीला लीड्सचा टी-शर्ट घेतो. चालेल?”

“अरे, पैसे तुझे.”

मग दोघेही थोडा वेळ उगाच लीड्सविषयी बोललो. पहिल्यांदाच त्यात दुसरे काही नव्हते, त्यामुळे आमची जरा पंचाईतच झाली.

फोन ठेवून मी वळलो तर ही गॅलरीत टेप घेऊन भिंतीची मापे काढत होती.

“वॉशिंग मशीन इथे बसेल का बघते,” ती म्हणाली. “पुढचा करार बावीसच्या नोव्हेंबरपासून ना हो?”